पहाटेचा व्यायाम टिकतो कसा? औंधच्या राजेसाहेबांची गोष्ट

पावणेपाचचा गजर वाजतो. बाहेर अजून अंधार असतो. तुम्ही मीरा रोडला किंवा भाईंदरला राहता, सव्वासातच्या आसपासची चर्चगेट लोकल पकडायची असते, म्हणजे धावायला जायचं तर साडेपाचच्या आत घराबाहेर पडायलाच हवं. जानेवारीत तुम्ही चौघा मित्रांनी जेसल पार्कच्या खाडीकिनारी मोठ्या उत्साहाने सुरुवात केलीत. होळीपर्यंत चौघांचे तिघे झाले. पावसाळा लागला आणि तुमचा गट फक्त व्हॉट्सॲपवर उरला.

मग कधीतरी तुम्ही रिपोर्ट घेऊन दवाखान्यात येता. साखर पुन्हा वाढलेली असते, वजन होतं तिथेच असतं. तुम्ही मान खाली घालून सांगता की आमच्यात जिद्दच नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. कारण बहुतेक वेळा प्रश्न जिद्दीचा नसतो. व्यायामाची जी घडी तुम्ही बसवलेली असते, तिच्यात काहीतरी कमी असतं.

ते काय, हे समजण्यासाठी आज तुम्हाला एका माणसाचं आयुष्य सांगतो. तो धावपटू नव्हता, पैलवान नव्हता, डॉक्टरही नव्हता. तो एका लहानशा संस्थानाचा राजा होता आणि त्याने आपल्याबरोबर आपल्या सगळ्या संस्थानाला व्यायामाला लावलं.

कोण होते हे राजेसाहेब?

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात औंध नावाचं गाव आहे. गावाजवळच्या डोंगरावर यमाई देवीचं देऊळ आहे. स्वातंत्र्यापूर्वी हे गाव औंध संस्थानाची राजधानी होतं. पंतप्रतिनिधी घराण्याची सत्ता तिथे होती. प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालं, आणि पुढे ते या घराण्याकडे आलं.

या घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानराव श्रीनिवासराव यांचा जन्म झाला. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि पदवीधर झाले. त्या काळात संस्थानिकांच्या घरात पदवीपर्यंत शिकणारे थोडेच असत. त्यांना चित्रकलेची मनापासून आवड होती, ते स्वतः चित्रं काढत, कीर्तनही करत. १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले.

आता तुमच्या मनात येईल की राजाला व्यायामाचं काय कठीण? नोकरी नाही, लोकल नाही, हाताखाली माणसं आहेत. पण उलट विचार करून बघा. ज्याला सकाळी उठवायची कोणाची हिंमत नाही, ज्याच्या ताटात काय पडावं हे तो स्वतः ठरवतो, त्याला आळस करायला किती मोकळीक असते! त्या काळातल्या कितीतरी संस्थानिकांचं आयुष्य मेजवान्या, शिकार आणि व्यसनं यांत गेलं. भवानरावांना उठवणारं बाहेरचं कोणी नव्हतं. ती सोय त्यांना स्वतःच करावी लागली.

सँडोची दहा वर्षं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युजेन सँडो हे नाव जगभर गाजत होतं. प्रशियात जन्मलेला हा बलवान पुरुष लंडनच्या रंगमंचावर आपलं पीळदार शरीर दाखवत असे. डंबेल आणि ताणायच्या पट्ट्या वापरून घरच्या घरी शरीर कसं कमवावं, यावर त्याने पुस्तकं लिहिली. त्याची साधनं टपालाने मागवता येत. हिंदुस्थानातही त्याचे चाहते होते आणि तो इथे दौऱ्यावर येऊन गेला.

भवानरावही त्याच्या पद्धतीकडे वळले. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोचं पुस्तक आणि साधनं मिळवली आणि सुमारे दहा वर्षं त्या पद्धतीने व्यायाम केला. हे नीट लक्षात घ्या, कारण व्यायामाच्या गोष्टी आपण नेहमी चुकीच्या सांगतो. आधी तो माणूस आळशी होता आणि एके दिवशी जागा झाला, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. ते आधीपासून नेमाने व्यायाम करत होते.

पण तो व्यायाम त्यांच्या एकट्याचा होता. साधनं साहेबांच्या देशातून आलेली, पुस्तक इंग्रजीत, तंत्र एका माणसापुरतं. राजवाड्यातल्या खोलीत राजेसाहेब डंबेल उचलत असताना घरातलं दुसरं कोणी शेजारी उभं राहून तेच करू लागेल, अशी त्यात सोय नव्हती. गावातल्या शेतकऱ्याच्या मुलाला तर ते परवडणारंच नव्हतं.

तुम्ही जिमचं वर्षाचं शुल्क भरता, महागडे बूट घेता, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधता, तेव्हा हेच होतं. साधनं तुमची असतात, व्यायामही तुमचाच असतो. म्हणून ज्या दिवशी तुम्ही थांबता, त्या दिवशी दुसऱ्या कोणाचंच काही अडत नाही.

मिरजेच्या मित्राचा शब्द

१९०८ साली मिरजेच्या राजेसाहेबांनी भवानरावांना सूर्यनमस्कारांकडे वळवलं. दोघे शेजारच्या संस्थानातले, बरोबरीचे. भवानराव त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. दहा वर्षं अंगवळणी पडलेली पद्धत सोडून वेगळी सुरू करायची, तीही एका मित्राच्या सांगण्यावरून, हे वाटतं तेवढं सोपं नसतं.

सूर्यनमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. आखाड्यांत, तालमींत आणि घराघरांतून नमस्कार घालण्याची चाल जुनीच होती. त्यात बलोपासना होती आणि धर्मभावनाही होती. भवानरावांनी त्यांचा पद्धतशीर व्यायाम म्हणून विचार केला. प्रत्येक स्थितीत पाय कुठे, हात कुठे, श्वास कधी आत घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे त्यांनी बारकाईने ठरवलं. त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. आज तुम्हाला शाळेत किंवा योगवर्गात बहुधा बारा शिकवतात.

बदल नेमका काय झाला ते पाहा. साधन नको, खर्च नको, एका सतरंजीएवढी जागा पुरते. राजा आणि शेतकरी तोच व्यायाम शेजारी शेजारी उभं राहून करू शकतात. सगळ्यांचे हात एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी जमिनीला टेकतात. सँडोची दहा वर्षं एकट्याची होती. पुढची चाळीस वर्षं सगळ्यांची झाली.

घरापासून शाळेपर्यंत

त्यांनी आधी आपलं घर बरोबर घेतलं. राणीसाहेब, मुलं, घरातली माणसं रोज नमस्कार घालू लागली. मग संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. मुलं आणि मुली दोघांसाठी. राजेसाहेब गावोगाव व्याख्यानं देत, प्रात्यक्षिकं दाखवत. नमस्कारांवर त्यांनी चित्रपटही करवून घेतला. मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली.

औंधमध्ये त्या वेळी आणखी एक मोठा माणूस राहत होता. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. तेही मुळात चित्रकार, १९१८ पासून औंधमध्ये त्यांचं स्वाध्याय मंडळ चालू होतं आणि तेही सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते होते. सातवळेकर शंभर वर्षं जगले. त्याचं श्रेय एकट्या नमस्कारांना देता येणार नाही, पण एका छोट्या गावात एकाच सवयीची दोन वजनदार माणसं असली की गावाला ती सवय जगावेगळी वाटत नाही. तुमच्या सोसायटीत पहाटे एकच माणूस धावत असेल तर वॉचमनसुद्धा त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघतो. सहाजण धावू लागले की तीच सोसायटीची रीत होते.

भवानरावांचा हा लांब पल्ल्याचा स्वभाव इतर कामांतही दिसतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. त्यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये औंध संस्थानाच्याच जमिनीवर उभा राहिला. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ मध्ये औंधच्या डोंगरावर त्यांनी आपल्या कलासंग्रहासाठी वस्तुसंग्रहालय उभारलं. तुम्ही आजही ते पाहू शकता.

१९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचं वय ६७ होतं. एवढ्या वयाच्या माणसाची तब्येत आणि तजेला पाहून तिथल्या एका वर्तमानपत्राच्या लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंना कुतूहल वाटलं. त्यांच्या लेखनातून सूर्यनमस्कार इंग्लंडमधल्या घराघरांत पोचले. १९३८ मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तकही निघालं. सँडोचं पुस्तक लंडनहून औंधला आलं होतं, त्यानंतर चाळीस वर्षांनी औंधचा व्यायाम लंडनला गेला.

१९३९ मध्ये त्यांनी आपली सत्ता लोकांच्या हाती देणारी राज्यघटना मंजूर केली. महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत आणि मुलगा अप्पासाहेब पंत यांची साथ त्यामागे होती. कैद्यांसाठी भिंती नसलेली स्वतंत्रपूर ही वसाहतही त्याच काळातली. व्ही. शांतारामांच्या दो आँखें बारह हाथ या चित्रपटाची प्रेरणा तीच. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, राजेसाहेबांचं निधन झालं. अप्पासाहेबांनी पुढे परदेशांत भारताचे राजदूत म्हणून काम केलं आणि स्वतः सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. वडिलांची सवय मुलाकडे गेली होती.

सोबतीने नेमकं काय होतं?

राजेसाहेबांना जे अनुभवातून उमगलं, त्याचा अभ्यास त्याच काळात दूरदेशीही चालू होता. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन अभ्यासकाने सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत कोणी असलेला सायकलस्वार वेगाने जातो, असं त्याला दिसलं.

१९२० च्या दशकात जर्मनीत ऑटो क्योलर यांनी बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या खेळाडूंना वजन उचलायला लावलं. आधी एकेकट्याने, मग जोडीने. जोडीतला कमी ताकदीचा खेळाडू एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला, कारण त्याने हात सोडले की जोडीदाराचंही थांबणार होतं. यातला खरा उपयोगी भाग पुढे आहे. दोघांच्या ताकदीत थोडा फरक होता तेव्हा फायदा जास्त झाला. फरक फार मोठा असला किंवा जवळजवळ नसलाच, तर तो कमी झाला. म्हणून धावताना तुमच्यापेक्षा थोडा पुढचा जोडीदार शोधा. मॅरेथॉन धावणाऱ्याच्या मागे पहिल्याच आठवड्यात धावू नका.

तिसरी गोष्ट सवयीची. लंडनमधल्या एका अभ्यासात लोकांना एक साधी नवी कृती रोज ठरलेल्या प्रसंगी करायला सांगितली. ती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. २१ दिवसांत सवय लागते, हे जे तुम्ही सगळीकडे वाचता, त्याला फारसा आधार नाही. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. मोडते ती चुकलेल्या दिवसाच्या लाजेने. चुकल्यावर दुसऱ्या दिवशी मित्रांना तोंड दाखवायला संकोच वाटतो, तिसऱ्या दिवशी जास्त वाटतो आणि आठवड्याने तुम्ही रस्ताच बदलता. तुमच्या गटात चुकलेल्याची थट्टा होत असेल, तर ती आजपासून बंद करा.

डॉक्टर म्हणून माझे मतभेद

राजेसाहेबांचं कौतुक करताना हातचं राखून काही सांगायलाही हवं.

पहिलं, नमस्कारांनी जवळजवळ सगळे आजार टळतात किंवा बरे होतात, असा त्यांचा आणि त्यांच्या काळातल्या प्रचाराचा सूर होता. तसं नाही. नियमित व्यायामाने मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका कमी होतो, मन ताळ्यावर राहतं, झोप सुधारते. पण व्यायाम औषधांची जागा घेत नाही. तुमच्या गोळ्या तुम्ही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दुसरं, संख्या. त्या काळी शेकड्यांनी नमस्कार घालण्याचं मोठं अप्रूप होतं. तुम्ही चाळिशीत पहिल्यांदा सुरुवात करत असाल, तर दहा-बारा नीट घातलेले नमस्कार पुरेसे आहेत. दर आठवड्याला दोन-तीन वाढवा.

तिसरं, सक्ती. शाळेत सक्तीने मुलं उभी राहतात, पण मोठ्या माणसांची सोबत सक्तीने टिकत नाही. राजेसाहेब स्वतः नमस्कारांकडे आले ते मित्राच्या शब्दाने, हुकमाने नव्हे. गटातल्या माणसाला दंड लावण्याऐवजी त्याच्या इमारतीखाली जाऊन दोन मिनिटं थांबा.

तुमच्या गटासाठी काय करता येईल?

एक. वेळ आणि जागा एकच ठेवा. आज खाडीकिनारी, उद्या सुभाषचंद्र बोस मैदानावर, परवा घोडबंदर किल्ल्याच्या वाटेवर, असं करू नका. रविवारचा लांब फेरफटका वेगळा ठेवलात तर चालेल. रोजचं ठिकाण ठरलेलं असलं की सकाळी उठून विचार करावा लागत नाही, आणि पहाटे पाचला विचार करायला बसलात की माणूस बहुधा झोपायचाच निर्णय घेतो.

दोन. निर्णय रात्री घ्या. जाग आल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू पुरता जागा झालेला नसतो. त्या सुस्तीवरून शरीर आज थकलंय असा अर्थ काढू नका. बूट, कपडे, पाण्याची बाटली दाराशी ठेवा. आधी खाली उतरा, जायचं की नाही ते तिथे ठरवा.

तीन. झोप कापून व्यायाम करू नका. पावणेपाचला उठायचं तर पावणेदहापर्यंत अंथरुणात असायला हवं, कारण सात तास झोप लागतेच. शेवटच्या लोकलने घरी पोचणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा आणि संध्याकाळचा सोबती शोधावा.

चार. वेग इतकाच ठेवा की धावता धावता मित्राशी पूर्ण वाक्य बोलता येईल. बोलताना धाप लागत असेल तर चाला. आठवड्याला एकूण १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, एवढं प्रौढ माणसाने करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज दहा किलोमीटर धावायची कोणाला गरज नाही.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्याची सोय मे महिन्यातच करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्यांवर पाणी, खड्डे आणि चिखल असतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून गेलात तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. गट फुटतात ते याच चार महिन्यांत. म्हणून पाऊस असेल त्या दिवशी त्याच वेळी, त्याच माणसांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत जमा आणि वीस मिनिटं सूर्यनमस्कार घाला. राजेसाहेबांनी निवडलेल्या व्यायामाचा मोठा गुण हाच, की त्याला रस्ता लागत नाही. धावणं चार महिने थांबलं तरी चालेल, पण भेटणं थांबू देऊ नका.

एक खबरदारी घ्या. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्या उठल्या एकदम कमरेत वाकलात तर त्यांच्यावर ताण जास्त येतो. आधी दहा-पंधरा मिनिटं चाला, मग नमस्कार घाला.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावं?

छातीत दुखणं, थोड्या श्रमाने दम लागणं किंवा चक्कर येणं असा त्रास असेल, हृदयविकार किंवा मधुमेह असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, घरात कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर धावायला सुरुवात करण्याआधी तपासणी करून घ्या. काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा आजार, सरकलेली चकती किंवा गर्भारपण असेल तर डोकं खाली जाणाऱ्या नमस्कारांबद्दल आधी विचारा.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी धावण्याआधी साखर तपासा आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. घाम फुटणं, हात थरथरणं, बोलणं असंबद्ध होणं ही साखर घसरल्याची लक्षणं आहेत. ती तुमच्या आधी तुमच्या सोबत्याला दिसतात, म्हणून त्याला ती आधीच सांगून ठेवा.

पहाटेच्या गटाचा हा फायदा कोणी मोजत नाही. धावताना कोणी छाती धरून बसला, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ॲसिडिटी म्हणून वाट बघत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि त्याला चालवू नका. तो बेशुद्ध होऊन श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने हे एकदा शिकून घ्या. एकट्या धावणाऱ्याला हे करायला कोणी नसतं.

शेवटी एवढंच

भवानराव पंतप्रतिनिधींकडे वाडा होता, पैसा होता, वेळ होता आणि दहा वर्षांची शिस्तही होती. तरीही त्यांचा व्यायाम चाळीस वर्षं पुढे गेला आणि घराबाहेर पसरला, तो एका मित्राच्या सांगण्यानंतर आणि शेजारी दुसरा उभा राहू शकेल असा व्यायाम निवडल्यानंतर. तेव्हा तुम्हाला एकट्याच्या बळावर पहाटे उठणं जमत नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आज रात्री एक काम करा. जानेवारीत तुमच्याबरोबर धावणारा जो पहिल्यांदा यायचा थांबला, त्याला फोन करा. का आला नाहीस, असं विचारू नका. उद्या साडेपाचला मी तुझ्या गेटपाशी उभा आहे, एवढं सांगा. आणि खरोखर उभे राहा.